रिटायर झाला की रिलीज केला?

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमधला खेळाडू संघाबाहेर गेला की आपण सरसकट 'निवृत्त झाला' म्हणून मोकळे होतो. प्रत्यक्षात निवृत्तीच्या कागदावर खेळाडू सही करतो, रिलीज, म्हणजे संघातून मोकळं, क्लब करतो. करार शिल्लक असेल तर या दोन कागदांत कोट्यवधी डॉलरचं अंतर असतं.

तिथले मोठे करार हमीचे असतात. खेळाडू नकोसा झाला की क्लब आधी त्याला संघाच्या चाळीस जणांच्या मुख्य यादीतून काढतो. यालाच 'डीएफए' (डेझिग्नेटेड फॉर असाइनमेंट) म्हणतात. हा रिलीज नव्हे, बातम्यांत इथेच घोळ होतो. पुढच्या सात दिवसांत त्याला दुसऱ्या संघाला द्यायचं, खालच्या स्तरावरच्या मायनर लीगमध्ये पाठवायचं की सोडायचं, हे ठरतं. सोडलं तरी पगार सुटत नाही. मे २०२१ मध्ये एंजल्सने आल्बर्ट पुहोल्सला सोडलं तेव्हा त्याचा त्या वर्षाचा पगार ३ कोटी डॉलर होता. डॉजर्सने त्याला घेतलं ते किमान वेतनावर (तेव्हा वर्षाला ५,७०,५०० डॉलर), तेही उरलेल्या दिवसांपुरतं. एंजल्सना सूट मिळाली ती तेवढ्याच रकमेची.

निवृत्तीत हे सगळं उलटं. करार चालू असताना खेळाडूने स्वतः सही केली की पुढचा पगार बंद, आणि परत यायचं ठरवलं तर त्याच्यावरचा हक्क जुन्याच क्लबकडे. राइन सँडबर्गने जून १९९४ मध्ये असेच सुमारे १ कोटी ६० लाख डॉलर सोडले; १९९६ मध्ये तो कब्जकडूनच पुन्हा खेळला. खांदा गेलेल्या गिल मेशने जानेवारी २०११ मध्ये रॉयल्सचे सुमारे १ कोटी २० लाख नाकारले. असे लोक विरळाच.

म्हणूनच प्रिन्स फील्डरचं प्रकरण नीट पाहावं. मानेच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर ऑगस्ट २०१६ मध्ये त्याने डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, आता खेळता येणार नाही. लोकांनी ती निवृत्ती मानली, पण कागदावर त्याने सही केलीच नाही. करार २०२० पर्यंतचा होता, तो जखमींच्या यादीत राहिला आणि पैसे मिळत राहिले. ऑक्टोबर २०१७ मध्ये रेंजर्सने त्याला रिलीज केलं. साठ दिवसांच्या जखमी यादीतला खेळाडू हंगामात चाळिसांत मोजला जात नाही. हंगाम संपला की ती यादी मिटते आणि तो पुन्हा जागा अडवतो. रिलीजने जागा सुटली, देणं तसंच राहिलं.

वॉशिंग्टन नॅशनल्सच्या स्टीफन स्ट्रासबर्गची गाडी इथेच अडली: सही केली तर उरलेल्या पैशांचं काय? सात वर्षांच्या २४ कोटी ५० लाखांच्या करारात तो जेमतेम आठ सामने खेळला होता. सप्टेंबर २०२३ मधला निवृत्तीचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला. तडजोड होऊन सही पडायला एप्रिल २०२४ उजाडलं.

पेन्शनला मात्र यातल्या कुठल्याच कागदाशी देणंघेणं नाही. तिथे मेजर लीगमधले सेवेचे दिवस मोजतात: ४३ दिवसांत हक्क लागू होतो, १७२ दिवसांचं एक वर्ष धरतात. हॉल ऑफ फेम या बेसबॉलच्या मानाच्या यादीसाठी थांबायची पाच वर्षंही खेळलेल्या शेवटच्या हंगामापासून मोजतात. त्यामुळे रिलीज २०१७ मध्ये झालेल्या, पण शेवटचं २०१६ मध्ये खेळलेल्या फील्डरचं नाव २०२२ च्या मतपत्रिकेवर होतं.