मांस शिजलं, गाजर राहिलं: स्लो कुकरमधल्या ब्रन्सविक स्टूचं रसायन

स्लो कुकर म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं. ते वापरणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार असते. सहा-सात तासांनी झाकण काढावं, तर डुकराचं मांस काटा लावताच सुटं होतंय आणि त्याच रश्श्यातलं गाजर मात्र दाताखाली कचकन वाजतंय. आपल्या सवयीच्या हे अगदी उलट आहे. मटण आधी शिजवून घ्यायचं, बटाटा मागाहून टाकायचा, हा आपल्या स्वयंपाकघरातला सरळ हिशेब. मग या यंत्रात भाजीच मागे का पडते?

याचं उत्तर शोधायला अमेरिकेच्या दक्षिण भागातला ब्रन्सविक स्टू फार सोयीचा आहे. कोंबडी, डुकराचं मांस, टोमॅटो, मका, बटाटे, लायमा बीनचे चपटे दाणे, कधी भेंडी असं सगळं त्यात एका भांड्यात येतं, आणि यातला प्रत्येक जिन्नस उष्णतेला वेगळा प्रतिसाद देतो.

हा स्टू नेमका कुणाचा, यावर तिथे जुनं भांडण आहे. व्हर्जिनिया राज्यातली ब्रन्सविक काउंटी (म्हणजे जिल्हा) सांगते, की १८२८ साली डॉ. क्रीड हॅस्किन्स या लोकप्रतिनिधीच्या शिकारी टोळीसाठी जिमी मॅथ्यूज नावाच्या कृष्णवर्णीय स्वयंपाक्यानं खारींचं मांस, कांदे, लोणी आणि शिळा पाव एकत्र रटरटवून तो पहिल्यांदा केला. जॉर्जियातलं ब्रन्सविक शहर म्हणतं, छे, तो १८९८ साली आमच्या शेजारच्या सेंट सायमन्स बेटावर जन्मला. पुरावा म्हणून त्यांनी एक लोखंडी हंडाच स्मारक करून मांडला आहे. मका आणि शेंगांचे दाणे एकत्र शिजवणं तिथल्या मूळ रहिवाशांकडे या दोन्ही तारखांच्या कितीतरी आधीपासून होतं. त्यामुळे ‘पहिला’ स्टू शोधण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही, पण भांडणाची गंमत मात्र आहे.

आता खारी मागे पडल्या. त्यांच्या जागी कोंबडी आणि डुकराचा खांदा आला. जुन्या पद्धतीत मोठा हंडा लाकडाच्या जाळावर कित्येक तास ठेवतात आणि वल्ह्याएवढ्या लाकडी कलथ्यानं सतत ढवळतात. कलथा स्टूच्या मधोमध न पडता उभा राहिला, की स्टू झाला.

स्लो कुकरचा उगम मात्र अमेरिकी दक्षिणेतला नाही. तो अर्व्हिंग नॅक्सन या ज्यू संशोधकाचा. त्याची आई लिथुआनियातली. साबाथच्या, म्हणजे आठवड्याच्या पवित्र विश्रांतीच्या दिवशी ज्यू घरांत चूल पेटवत नाहीत, म्हणून तिच्या गावात शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी मांस, कडधान्य आणि भाज्या भरलेली ‘चोलंट’ची भांडी बेकरीत नेऊन ठेवत. भट्टीच्या उरलेल्या उष्णतेवर ती रात्रभर शिजत. आईच्या तोंडून ऐकलेल्या या गोष्टीवरून नॅक्सननं विजेवर चालणारं भांडं तयार केलं. त्याचं पेटंट १९४० साली मिळालं. पुढे रायव्हल या कंपनीनं त्याचा उद्योग विकत घेतला आणि १९७१ साली हेच भांडं ‘क्रॉक-पॉट’ नावानं बाजारात आणलं.

यंत्र तसं साधंच. चिनी मातीचं जाड भांडं, त्याच्या कडेनं गुंडाळलेली तापणारी तार आणि वर झाकण. वीज इतकी कमी लागते, की २०० वॅटचं यंत्र आठ तास चाललं तरी १.६ युनिट होतात. ‘लो’ म्हणजे कमी तापमान आणि ‘हाय’ म्हणजे जास्त, असा एक सार्वत्रिक समज आहे. पण बहुतेक स्लो कुकरांत ही दोन्ही बटणं पदार्थाला शेवटी उकळीच्या जवळपास, साधारण ९५ अंश सेल्सियसच्या पुढे नेतात. फरक वेळेचा असतो. ‘हाय’वर तिथे पोचायला तीन-चार तास लागतात, तर ‘लो’वर सात-आठ. म्हणजे पदार्थ मधल्या तापमानांत तासन्‌तास रेंगाळतो. आपल्या गाजराची सगळी गोष्ट या रेंगाळण्यात आहे.

आधी मांस. प्राण्याचा जो स्नायू आयुष्यभर राबतो, उदाहरणार्थ खांदा किंवा मांडी, त्यात कोलॅजन नावाचं प्रथिन भरपूर असतं. कोलॅजनचा रेणू तीन पेडांच्या घट्ट वेणीसारखा असतो, आणि मांस वातड लागतं ते बरंचसं त्याच्यामुळे. तापमान ५० अंशांपुढे गेलं, की स्नायूतली इतर प्रथिनं आक्रसू लागतात. साठीच्या पुढे कोलॅजनही आखडतं आणि मांसातलं पाणी पिळून बाहेर काढतं. या टप्प्यावर ताटात घेतलेला तुकडा चामड्यासारखा लागेल. पण तापमान तसंच चढतं ठेवलं आणि वेळ दिला, की सत्तरीच्या पुढे पेड हळूहळू उलगडतात आणि कोलॅजनचं जिलेटिन होऊन ते रश्श्यात उतरतं. प्रेशर कुकरमध्ये १२० अंशांच्या आसपास हे काम तासाच्या आत आटोपतं. स्लो कुकरला त्यासाठी अर्धा दिवस लागतो, पण शेवट तोच. खरं तर तोवर मांसाचे तंतू कोरडेच झालेले असतात. जिलेटिनचा बुळबुळीत लेप त्यांना ओलसर भासवतो. म्हणून कोंबडीची छाती इथे नापास होते. तिच्यात कोलॅजन नावापुरतंच, त्यामुळे तंतू सुकतात आणि लेप द्यायला काही उरत नाही. आठ तासांनी मिळतो तो चोथा. कोंबडी घालायची तर मांड्या घालाव्यात.

आता भाजी. गाजर-बटाट्याच्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवतं ते पेक्टिन. ही शर्करेच्या रेणूंची लांब साखळी आहे. तिला तोडून भाजी झटकन मऊ करायची, तर तापमान ८५ अंशांच्या वर हवं. स्लो कुकर तिथे फार उशिरा पोचतो, हे एक कारण. दुसरं कारण जास्त रंजक आहे. या भाज्यांमध्ये एक विकर (एन्झाइम) असतं, जे ५५ ते ६० अंशांच्या आसपास जोमानं काम करतं. ते पेक्टिनच्या साखळीत असे बदल करतं, की भाजीतलं कॅल्शियम शेजारशेजारच्या साखळ्यांना सांधून टाकतं. एकदा असं घडलं, की पुढे कितीही उकळा, भाजी आपला ताठा चटकन सोडत नाही. डबाबंद भाज्यांचा लगदा होऊ नये म्हणून कारखाने मुद्दाम हीच युक्ती वापरतात. उकळत्या पाण्यात टाकलेलं गाजर हा पट्टा काही मिनिटांत ओलांडतं आणि विकर नष्ट होतं. स्लो कुकरमधलं गाजर मात्र या पट्ट्यात तासभर सहज बसतं.

त्यात पुन्हा टोमॅटो. आम्लात पेक्टिन तुटायला जास्त वेळ लागतो. गंमत अशी, की तेच आम्ल कोलॅजन विरघळायला थोडी मदत करतं. एकाच टोमॅटोनं खांद्याची बाजू घेतली आणि बटाट्याला अडवलं.

तेव्हा मांस-भाजी सगळं एकदम ओतून कामाला निघून जायची जी जाहिरातीतली सोय आहे, ती निदान ब्रन्सविक स्टूला तरी पूर्ण लागू पडत नाही. बटाटा-गाजराचे लहान तुकडे करून ते तळाशी, कडेला लावावेत, कारण उष्णता भिंतींतून येते. त्याहून चांगलं म्हणजे त्यांना आधी वेगळी उकळी द्यावी. टोमॅटो, व्हिनेगर किंवा बार्बेक्यू सॉस बटाटा मऊ झाल्यावर. मका आणि भेंडी शेवटच्या तासात. झाकण सारखं उघडू नये. एकदा उघडलं, की साठलेली वाफ जाते आणि तितकं तापायला वीस-तीस मिनिटं पुन्हा लागतात.

कडधान्याच्या बाबतीत मात्र प्रश्न चवीपुरता राहत नाही, आणि परदेशात स्लो कुकरमध्ये राजमा लावून ऑफिसला जाणाऱ्या मराठी घरांनी इथे नीट लक्ष द्यावं. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा उलट्या-जुलाबांना पुरतात. ८० अंशांवर अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षा पाचपट विषारी ठरू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं दिला आहे. भारतात हा धोका फारसा ऐकू येत नाही, कारण आपण राजमा प्रेशर कुकरला लावतो. स्लो कुकरमध्ये करायचाच असेल, तर किमान पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळून मगच घालावा. लायमा बीनही राजम्याच्याच कुळातले, तेव्हा कोरडे दाणे आणले असतील तर त्यांनाही हाच नियम लावलेला बरा. डबाबंद दाणे कारखान्यात आधीच पुरते शिजलेले असतात.

चवीत मात्र हंडा पुढेच राहतो, हे मान्य करायला हवं. मांसाचा खरपूस वास आणि तपकिरी रंग येतो तो साधारण १४० अंशांच्या पुढे, कोरड्या पृष्ठभागावर. पाण्यात बुडलेल्या मांसाला १०० ओलांडताच येत नाही. म्हणून खांद्याचे तुकडे आधी जाड बुडाच्या कढईत चांगले लाल होईतो परतून घ्यावेत आणि कढईला चिकटलेली खरपुडी पाण्यानं सोडवून तीही आत घालावी. जॉर्जियातले लोक तर आधीच धुरावर भाजलेलं मांस वापरतात. शिवाय उघड्या हंड्यातलं पाणी आटतं, झाकणाखालचं आटत नाही. नेहमीच्या अंदाजानं पाणी घातलं, तर रस्सा मिळून येत नाही, पातळ पाणी वेगळं आणि चोथा वेगळा राहतो. भाजी-मांसाचं स्वतःचं पाणी पुष्कळ सुटतं. अखेरचा तास झाकण तिरकं ठेवावं, थोडे बटाटे तिथेच चेचावेत. त्यांचा स्टार्च आणि भेंडीचा चिकटा उरलेलं काम करतात.

उरलेला स्टू भांड्यासकट फ्रिजमध्ये ढकलू नये. जाड चिनी माती उष्णता तासन्‌तास धरून ठेवते आणि मधला भाग जिवाणूंना आवडणाऱ्या ५ ते ६० अंशांत अडकून राहतो. उथळ डब्यांत काढून लवकर गार करावा आणि दुसऱ्या दिवशी गॅसवर उकळी आणून गरम करावा. स्लो कुकरमध्ये पुन्हा तापवला, तर तोच पट्टा तितक्याच सावकाश ओलांडावा लागतो. सकाळी डबा उघडल्यावर रस्सा जेलीसारखा थिजलेला दिसला, तर कोलॅजन नीट उतरलं असं समजावं. पातळच राहिला असेल, तर पुढच्या वेळी पाणी कमी घालावं आणि खाटकाकडून खांद्याचं मांस मागून घ्यावं.