फॉरमॅट मारण्याआधी एवढं वाचा
(घरचा कॉम्प्युटर स्लो झाला असेल, मध्येच हँग किंवा बंद होत असेल, तर)

"फॉरमॅट मारून द्या, बाकी काही करू नका." मशीन टेबलावर ठेवता ठेवताच बरेच जण हे सांगतात. पण आमचा खरा वेळ जातो तो "घरीच फॉरमॅट मारून पाहिलं, तरी तसंच आहे" म्हणून आलेल्या मशीनवर. विंडोजबरोबर बिघाडाच्या खुणाही पुसल्या गेलेल्या असतात. जे निदान तासाभरात झालं असतं, त्यासाठी बिघाड पुन्हा होईपर्यंत वाट बघत बसावं लागतं. त्यात तुमचेही दोन-तीन दिवस जातात.

खुणा म्हणजे काय, ते तुम्हालाही बघता येतं. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' असं इंग्रजीत टाइप करा. तारखेवार एक आलेख उघडतो. कोणता प्रोग्रॅम कधी कोसळला, अपडेट कधी झालं, मशीन अचानक कधी बंद पडलं, हे सगळं त्यात दिसतं. कोसळणं आणि अचानक बंद पडणं लाल फुल्यांनी दाखवलेलं असतं. निळी स्क्रीन (विंडोज कोसळल्यावर येते ती) येऊन गेली असेल, तर विंडोजच्या फोल्डरमधल्या 'मिनीडंप'मध्ये सहसा त्या वेळची एक छोटी फाइल पडलेली असते. आम्ही सुरुवात इथूनच करतो. फॉरमॅट मारलं की हे दोन्ही गेलं.

याहून मोठं नुकसान होतं ते हार्ड डिस्क खराब व्हायला लागलेली असताना. घरी तीनदा विंडोज टाकून झालेला एक लॅपटॉप आमच्याकडे आला होता. दर वेळी आठवडाभर बरा चालायचा आणि पुन्हा रडतखडत. टास्क मॅनेजर (मशीनमध्ये कशावर किती भार आहे ते दाखवणारा विंडोजचाच प्रोग्रॅम) उघडला, तर डिस्क १०० टक्के, पण वाचण्याचा वेग सेकंदाला काहीशे केबी. डिस्क भरपूर काम करत असेल, तर वेगही मोठा दिसायला हवा. टक्के शंभर आणि वेग नगण्य, हे वारंवार दिसलं की डिस्क एखाद्या खराब सेक्टरवर (डेटा साठवण्याच्या छोट्या कप्प्यावर) अडखळून तोच तोच पुन्हा वाचायचा प्रयत्न करत असण्याची शक्यता मोठी, आणि विंडोज तिची वाट बघत खोळंबलेलं असतं. या डिस्कने स्वतःच्या नोंदीत, म्हणजे 'स्मार्ट'मध्ये, 'पेंडिंग सेक्टर', म्हणजे नीट वाचता न येणारे सेक्टर, मोजून ठेवलेले होते. ते बघायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

मग आठवडाभर बरं का वाटायचं? खराब सेक्टरवर नवीन काही लिहिलं गेलं, की डिस्क त्याच्या जागी राखून ठेवलेला चांगला सेक्टर वापरते. त्यामुळे तात्पुरता आराम पडतो, पण डिस्क बिघडायची थांबत नाही. शिवाय प्रत्येक नवं विंडोज जुन्या फाइलींच्या जागेवर लिहिलं जातं. तिथे फोटो असले, तर ते कायमचे गेले. म्हणून डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा फाइली उघडताना फार वेळ लागत असेल, तर मशीन बंद करा आणि तसंच आणा. 'चेक डिस्क' हा विंडोजचा डिस्क तपासायचा प्रोग्रॅम चालवू नका. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर त्याचा ताणच पडतो. आम्हीही आधी डेटा दुसरीकडे उतरवून घेतो आणि मगच बाकीच्या कामाला हात लावतो.

दर वेळी डिस्कच गेलेली असते, असंही नाही. 'स्मार्ट'मध्ये फक्त 'सीआरसी एरर'चा (डेटा ये-जा करताना झालेल्या चुकांचा) आकडा वाढत असेल आणि बाकी नोंदी स्वच्छ असतील, तर दोष बहुधा डिस्कच्या केबलचा असतो. केबल बदलून भागत असेल, तर आम्ही नवी डिस्क विकत नाही.

मशीन आणण्याआधी घरी करून बघण्यासारखं थोडंच आहे. शटडाउन नको, रीस्टार्ट करा. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' असल्यामुळे शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, झोपवून ठेवला जातो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूखाली 'अप टाइम', म्हणजे विंडोज सलग किती वेळ चालू आहे ते, बघा. रोज रात्री बंद होणाऱ्या मशीनवरही तिथे वीस-वीस दिवस दिसतात. दोन अँटीव्हायरस असतील, तर एक काढा. 'पीसी बूस्टर', 'रजिस्ट्री क्लीनर' असं जे काही असेल, ते सगळं काढा. सी ड्राइव्ह लाल होईपर्यंत भरू देऊ नका.

तापणारं आणि मध्येच बंद पडणारं मशीन वेगळं. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ गेला, की स्वतःच वेग कमी करतो आणि तरीही भागलं नाही, तर बंद होतो. पंख्यात अडकलेली धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) ही नेहमीची कारणं. पण दर वेळी वेगळ्याच ठिकाणी निळी स्क्रीन येत असेल, तर आमचा पहिला संशय रॅमवर असतो. "नुसतं तपासायला रात्रभर कशाला ठेवून घेता?" असं विचारलं जातं, ते इथेच. रॅमचा दोष पहिल्या फेरीत सापडेलच असं नाही. काही पट्ट्या तापल्यावरच चुकतात, म्हणून टेस्ट रात्रभर फिरवावी लागते. तपासणीचे पैसे आम्ही कोणताही पार्ट न बदलताही घेतो, ते याच कामाचे. ते घेतले नाहीत, तर कुठला ना कुठला पार्ट गळ्यात मारण्याचा मोह होईल, आणि तो आम्हाला नको आहे.

"रॅम वाढवून द्या" याबद्दलही. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी सतत ९० टक्क्यांच्या आसपास असेल, तर जरूर वाढवा. विंडोज ११ चार जीबीवर चढतं, पण ब्राउझर उघडला की गुदमरतं. मेमरी निम्मी रिकामी असेल, तर वाढवून काही फरक पडणार नाही. मशीनमध्ये अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर पैसे एसएसडीवर घाला. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एक फेरा पुरा करायला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात, आणि विंडोज सुरू होताना असे हजारो छोटे शोध घेतले जातात. एसएसडीला फिरायचंच नसतं, एक शोध मिलिसेकंदाच्या छोट्या अंशात होतो. जुन्या मशीनमध्ये इतका फरक पाडणारा दुसरा बदल आम्ही पाहिलेला नाही.

डेस्कटॉप असेल, तर फक्त कॅबिनेट आणा (ज्याला घरी सगळे 'सीपीयू' म्हणतात, ते). लॅपटॉप चार्जरसकट आणा. निळ्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढा, खालचा स्टॉप कोड त्यात यायला हवा. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून आधीच उतरवून ठेवा. ती नसली, तर डिस्क धडधाकट असूनही आम्हाला तुमच्या फाइली उघडता येत नाहीत.

डिस्क बदलली, तर जुनी आम्ही ठेवून घेत नाही, तुमच्या हातात परत देतो. नव्या डिस्कवर तुमचे फोटो आणि कागदपत्रं स्वतः उघडून बघा, आणि तोपर्यंत जुनीला हात लावू नका.