गावचे फुटबॉल क्लब अल्पायुषी का ठरतात: नाशिकची पार्श्वभूमी

नाशिक परिसरात फुटबॉलची जुनी ओळख देवळालीच्या छावणीशी जोडलेली आहे. मुंबई बंदरात उतरलेल्या ब्रिटिश पलटणी तिथे मुक्कामाला असत आणि त्या काळी हा पलटणींचाच खेळ होता. ड्युरँड (1888, सिमला) आणि रोव्हर्स (1891, मुंबई) या स्पर्धांची सुरुवातही पलटणींच्या संघांपासून झाली. निफाड-दिंडोरीकडच्या गावांत कबड्डी, कुस्ती आणि नंतर टेनिस बॉलचं क्रिकेट. फुटबॉल तिथे शिरतो तो शाळेतून. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांच्या असतात. एकोणीस ओलांडली की खेळायला संघ नाही, म्हणून बारावी झालेली मुलं क्लब काढतात.

अशा क्लबात असते ती एकाच वयाच्या मुलांची एकच तुकडी, आणि तिथेच त्याचं आयुष्य ठरून जातं. कोणी सातपूर-अंबडला कंपनीत लागतो, कोणी भरतीला जातो, कोणी पुण्याला. खाली चौदा वर्षांच्या मुलांचा संघ तयार केलेला नसेल, तर अकरा जण जमेनासे होतात. त्यात द्राक्षाचं वेळापत्रक: पावसाळा संपून मैदान खेळण्याजोगं होतं, तेव्हाच ऑक्टोबर छाटणी सुरू होते आणि जानेवारी ते एप्रिल खुडणी. या महिन्यांत बागायतदाराच्या घरातला मुलगा संध्याकाळी पाचला मैदानावर येणार कसा?

मैदान बहुतेक वेळा शाळेचं किंवा गायरानाचं. काळी माती पावसात बुटाला चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यावर मुरूम टाकून रोलर फिरवला की पाणी बसत नाही, पण गुडघे सोलतात आणि चेंडूची शिलाई झिजते. बाभळीचा काटा चेंडूच्या आतला ब्लॅडर फोडतो तो वेगळाच. हवा भरताना पंपाची सुई कोरडी घातली तर व्हॉल्व्ह फाटतो. ग्लिसरीनचा थेंब लावूनच घालावी.

गोलपोस्टचा हिशेब आधी करायला हवा. गोल 7.32 मीटर रुंद, 2.44 मीटर उंच. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप 6 मीटरचा मिळतो. एका पाइपातून तीन-तीन मीटरचे दोन खांब निघतात, अर्धा मीटर काँक्रीटमध्ये पुरायला पुरतो. आडव्या दांड्याला मात्र जोड द्यावाच लागतो. दोन्ही गोलांना मिळून पाच पाइप लागतात: खांबांसाठी दोन, दांड्यांसाठी दोन आणि पाचव्यातून दांड्यांच्या जोडासाठी दीड-दीड मीटरचे दोन तुकडे. जोड खांबाकडे घ्यावा आणि आतून बारीक पाइप सरकवून मगच वेल्डिंग करावं. तो मध्यावर घेतला तर दांडा झोल खातो, आणि पोरं त्याला लटकली की तुटतो. हे खरंच धोक्याचं आहे.

क्लब मोडीत निघण्याचं शेवटचं कारण कागदातलं. 1860 च्या कायद्याखाली सात सभासदांत संस्था नोंदवता येते, आणि महाराष्ट्रात तिला 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदाही लागतो. पदाधिकारी बदलले की 90 दिवसांत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात द्यायचा. सचिव नोकरीला निघून गेला आणि हा अर्ज राहिला, तर बँकेत सह्या जुन्यांच्याच चालतात. खातं अडकतं, स्पर्धेची प्रवेश फी भरता येत नाही. म्हणून हा अर्ज सचिव गाव सोडण्याआधीच, त्याच्या सहीनिशी तयार ठेवावा.