हवेवर तरंगणारं टेबल

१८८१ साली भौतिकशास्त्रज्ञ अल्बर्ट मायकेलसन यांनी आपला व्यतिकरणमापक, म्हणजे प्रकाशाचे दोन झोत एकमेकांवर आणून उमटणाऱ्या उजळ-काळ्या पट्ट्यांवरून अतिसूक्ष्म फरक मोजणारं उपकरण, बर्लिनहून उचलून पॉट्सडॅमच्या वेधशाळेत हलवला. बर्लिनच्या रहदारीचे हादरे एवढे होते की दिवसा काम करताच येत नसे, आणि रात्री बारानंतरही प्रकाशाचे पट्टे मधूनमधूनच मोजण्याइतके स्थिर राहात. पॉट्सडॅमला ते स्थिरावले. पण तिथेही शंभरेक मीटरवर कोणी फरसबंदीवर पाय आपटले तर पट्टे दिसेनासे होत, असं मायकेलसन यांनीच नोंदवून ठेवलं आहे. १८८७ मध्ये क्लीव्हलंडला एडवर्ड मोर्ली यांच्यासोबत हा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा त्यांनी सगळी मांडणी एका जाड दगडी शिळेवर केली आणि ती शिळा पाऱ्यावर तरंगत ठेवली.

आज पाऱ्याऐवजी हवा वापरतात. लेझरवर काम चालणाऱ्या बहुतेक प्रयोगशाळांत बारीक आट्यांच्या छिद्रांनी भरलेलं एक मोठं पोलादी टेबल असतं. त्याच्या जाडजूड पायांना हवेच्या नळ्या जोडलेल्या असतात. ‘टेबल फ्लोट केलंय का?’ हा तिथला रोजचा प्रश्न.

एवढी काळजी कशासाठी, ते आकड्यांतून कळतं. हेलियम-निऑन लेझरच्या लाल प्रकाशाची तरंगलांबी ६३३ नॅनोमीटर असते. व्यतिकरणमापकातला एखादा आरसा तिच्या चौथ्या हिश्शाने, म्हणजे सुमारे १५८ नॅनोमीटर सरकला, की उजळ पट्ट्याच्या जागी काळा पट्टा येतो. माणसाचा केस याच्या काहीशे पट जाड असतो. इमारतीतले पंखे, पंप, लिफ्ट, जिन्यावरची पावलं आणि बाहेरचे ट्रक मिळून जमीन सतत थरथरत ठेवतात. त्यातला मोठा भाग ५ ते ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५ ते ५० कंपनांच्या, टप्प्यात येतो.

यावर हवेचा उपाय कसा चालतो, ते घरीही पाहता येतं. लांब, सैल रबराला एक कुलूप टांगा. हात सावकाश वरखाली केला की कुलूपही हातासोबत वरखाली होतं. हात भराभर हलवला तर कुलूप जवळजवळ जागच्या जागी राहतं, कारण त्याला हलायला लागेपर्यंत हाताची दिशा बदललेली असते. या दोन्हींच्या मधे मात्र एक वेग असा सापडतो की हात जरासा हलला तरी कुलूप जोरात उसळू लागतं. ती त्या जोडीची नैसर्गिक वारंवारता आणि तो अनुनाद. नैसर्गिक वारंवारतेच्या सुमारे १.४ पटीच्या पुढे खरं संरक्षण सुरू होतं. तिथून वर वारंवारता दुप्पट झाली की पोचणारं कंपन साधारण चौथ्या हिश्शावर येतं. टेबलाची नैसर्गिक वारंवारता १.५ हर्ट्झ असेल, तर १५ हर्ट्झच्या कंपनाचा जेमतेम शंभरावा भाग वर पोचतो.

म्हणजे आधार जितका मऊ तितका चांगला. मग साध्या स्प्रिंगा का लावत नाहीत? कारण १ हर्ट्झची नैसर्गिक वारंवारता हवी असेल तर स्प्रिंग नुसत्या वजनानेच २५ सेंटिमीटर दबायला हवी. वजन कितीही असलं तरी हा आकडा बदलत नाही. एवढ्या लवचीक स्प्रिंगांवर शेकडो किलोंचं टेबल सरळ उभं ठेवणं फार अवघड. हवा इथे कामाला येते. टेबलाचा भार पायातल्या बंदिस्त हवेचा दाब पेलतो आणि मऊपणा त्या हवेच्या आकारमानातून मिळतो. ही हवेची कोठी मोठी केली की आधार मऊ होतो, आणि टेबल दबलेलंही राहात नाही. मला सगळ्यात आवडतो तो याचा आणखी एक गुण. टेबलावर वजन वाढलं की दाब वाढवावा लागतो, आणि दाबासोबत हवेचा ताठपणाही जवळपास त्याच प्रमाणात वाढतो. त्यामुळे टेबल रिकामं असो की उपकरणांनी भरलेलं, नैसर्गिक वारंवारता फारशी हलत नाही.

अनुनादाचा धोका उरतोच. तो आवरण्यासाठी पायात दोन कोठ्या असतात आणि त्यांच्यामधे एक बारीक वाट. टेबल डुलू लागलं की हवा त्या वाटेतून रेटली जाते, आणि डुलण्यातली ऊर्जा तिथल्या घर्षणात जिरते. गाडीसारखा तेलाचा शॉक ॲब्सॉर्बर लावला असता तर त्याच्यामार्फत जलद कंपनंही वर चढली असती. इथे ती चढत नाहीत, कारण झपाट्याने होणाऱ्या हालचालीत त्या अरुंद वाटेतून हवा जाऊच शकत नाही.

टेबल समतल ठेवायला व्हॉल्व्ह असतात. कोपरा खाली गेला की हवा आत सोडायची, वर आला की बाहेर. पाय चार असले तरी असे व्हॉल्व्ह तीनच लावतात. प्रतल ठरायला तीन बिंदू पुरतात, आणि चौथा व्हॉल्व्ह लावला तर ते एकमेकांशी भांडत बसतात. म्हणून चौथा पाय शेजारच्या पायाच्या हवेला जोडून टाकतात.

पण पाय हे अर्धंच काम. टेबल पूर्णपणे निश्चल कधीच नसतं, आणि तसं असण्याची गरजही नसते. सगळे आरसे आणि भिंगं एकत्र वरखाली झाली तर प्रयोगाला त्याचा पत्ताही लागत नाही. बिघाड होतो तो एक आरसा दुसऱ्याच्या तुलनेत हलला तर. म्हणून वरची फळी शक्य तितकी ताठ हवी. पोलादाच्या दोन पत्र्यांमधे मधाच्या पोळ्यासारखी पोलादी जाळी चिकटवली की कमी वजनात फार मोठा ताठपणा मिळतो. अशी फळी वाकून थरथरायला सहसा शंभर हर्ट्झच्याही वरची कंपनं लागतात, आणि नेमकी तीच मऊ पायांनी खाली अडवलेली असतात. पायांतून सुटून येणारी संथ कंपनं फळीला वाकवू शकत नाहीत, ती अख्ख्या फळीला एकसंध हलवतात. पाय मऊ आणि फळी ताठ, अशी दोघांनी कामाची वाटणी केलेली असते.

एवढं महागडं टेबल वाया घालवायला एक जाड केबल पुरते. जमिनीवरून आलेली ताणलेली केबल किंवा पाण्याची कडक नळी कंपनांना थेट पूल बांधून देते. टेबलावरच ठेवलेला पंखा किंवा पंप तर पायांना पूर्ण वळसा घालतो. या गोष्टी नवीन विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगायला हव्यात.

महागडं टेबल नाही म्हणून कोणी थांबावं, असंही नाही. १९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत लॉइड क्रॉस आणि जेरी पेथिक यांनी वाळूने भरलेल्या पेटीत आरसे रोवून होलोग्राम, म्हणजे लेझरने टिपलेली त्रिमितीय चित्रं, बनवण्याची स्वस्त पद्धत रूढ केली. हौशी मंडळी अशी पेटी टायरच्या ट्यूबवर ठेवतात. ट्यूब टम्म फुगवायची नाही, मऊच ठेवायची. आपल्याकडच्या कुठल्याही महाविद्यालयाला हे जमण्यासारखं आहे.

१ हर्ट्झच्या खाली मात्र हवेचे पाय हतबल असतात. आणि जिथे प्रकाशाचा मार्गच निर्वात नळीत असतो, तिथे रबरी पडद्याचे, हवा भरलेले आधार आरशाजवळ नेताही येत नाहीत. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडियाच्या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असतील. अमेरिकेतल्या लायगोत ४० किलोचा प्रत्येक आरसा एकाखाली एक अशा चार लंबकांच्या साखळीत शेवटी टांगलेला आहे. दर टप्प्याला कंपन पुन्हा चाळलं जातं. उभ्या दिशेच्या कंपनासाठी तिथे हवेऐवजी पोलादी पाती आहेत. ती मुळात वाकवूनच घडवतात, आणि आरशाचा भार आला की ती सपाट होतात. २५ सेंटिमीटरची ती अडचण तिथे अशी सोडवली आहे.