प्रश्नचिन्हाच्या आकाराचा स्टुडिओ आणि घोडबंदरची शेड

घोडबंदर रोडने ठाण्याहून गायमुखकडे निघालं की दोन्ही अंगांना टॉवर दिसतात, मेट्रोचे खांब दिसतात, गुजरातकडे निघालेले कंटेनर दिसतात. टीव्ही स्टुडिओ काही दिसत नाही. तरी या रस्त्याच्या आसपास आणि पुढे काशीमिरा, मीरा रोडपर्यंत मालिकांचं शूटिंग वर्षानुवर्षं चालू आहे. बाहेरून बघाल तर पत्र्याची शेड, घरघरणारी जनरेटर व्हॅन, दोन-तीन व्हॅनिटी आणि सावलीत टेकलेले स्पॉटदादा. पाटीसुद्धा बरेचदा नसते. रोज लाखो घरांत दिसणारी गोष्ट जिथे तयार होते, त्या जागेला स्वतःची म्हणावी अशी इमारतच नाही. एके काळी मात्र टीव्हीसाठी खास इमारत लागायची, आणि ती कशी असावी यावर वर्षानुवर्षं खल व्हायचा. त्या खलातून उभी राहिलेली सगळ्यात गाजलेली वास्तू म्हणजे लंडनचं बीबीसी टेलिव्हिजन सेंटर.

ती तशी का बांधली हे कळायला कॅमेरे आणि दिवे जरा बाजूला ठेवू. गडकरी रंगायतनला रविवारी सकाळ, दुपार, रात्र असे प्रयोग लागले की मागच्या दारी काय चालतं ते बॅकस्टेजवाल्यांना विचारा. दुपारचं नाटक सुटतं, प्रेक्षक अजून तलावपाळीपर्यंतही पोचलेले नसतात आणि आत फ्लॅट, म्हणजे सेटच्या सुट्या भिंती, सुटायला लागलेले असतात. बाहेर रात्रीच्या नाटकाचा टेम्पो येऊन उभा. एकाचा सोफा बाहेर येतोय, दुसऱ्याचा दरवाजा आत जातोय, मध्येच कुणीतरी कपड्यांची पेटी घेऊन घुसतंय. हे सगळं आठ रंगमंचांवर, एकाच आवारात, वर्षभर रोज करायचं ठरवलं तर? बीबीसीपुढे नेमका हाच पेच होता.

बीबीसीची नियमित टीव्हीसेवा २ नोव्हेंबर १९३६ ला उत्तर लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून सुरू झाली. टेकडीवरची ही जुनी वास्तू, तिचा एक भाग टीव्हीला मिळालेला. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्धामुळे सेवा बंद पडली ती जून १९४६ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि जागा अपुरी पडायला वेळ लागला नाही. १९४९ मध्ये बीबीसीने लाइम ग्रोव्ह हा जुना सिनेमा स्टुडिओ घेतला. ही तात्पुरती सोय होती. तात्पुरत्या सोयींचं जे होतं तेच झालं आणि लाइम ग्रोव्ह १९९१ पर्यंत वापरात राहिला.

त्या काळचा टीव्ही हा जवळजवळ सगळा थेट असायचा, हे विसरून चालणार नाही. व्हिडिओ टेप १९५० च्या दशकाच्या अखेरीस कुठे वापरात यायला लागली. तोवर रविवारी रात्री दाखवलेलं नाटक आठवड्यात पुन्हा दाखवायचं म्हणजे गुरुवारी तेच नट बोलवायचे, तोच सेट पुन्हा लावायचा आणि सगळा प्रयोग नव्याने करायचा. साठवून ठेवता येत नसल्यामुळे एकाच संध्याकाळी तीन-चार फ्लोअर, म्हणजे सेट लावून कार्यक्रम करायच्या जागा, तयार लागायचे. एकावर बातमीपर कार्यक्रम, दुसऱ्यावर नाटक, तिसऱ्यावर मुलांचं काहीतरी. आणि दुसऱ्या दिवशी त्याच फ्लोअरवर भलतंच काही.

१९४९ मध्येच बीबीसीने पश्चिम लंडनच्या व्हाइट सिटी भागात साधारण तेरा एकर जमीन मिळवली. १९०८ च्या फ्रान्स-ब्रिटन प्रदर्शनाच्या मैदानाचा हा भाग. त्याच वर्षीच्या ऑलिंपिकचं स्टेडियमही इथे लागूनच. काम दिलं ग्रॅहॅम डॉबर्न या वास्तुविशारदाला. त्याच्या हातात गरजांचं भलंमोठं बाड पडलं: इतके स्टुडिओ, इतक्या मेकअप रूम, सुतारशाळा, ऑफिसं, कँटीन, आणि पुढे वाढवायला जागाही राहिली पाहिजे. प्लॉट धड चौकोनी नाही. सांगतात ते असं, की हे बाड घेऊन डॉबर्न एका पबमध्ये बसला, एका जुन्या पाकिटावर प्लॉटची आकृती काढली आणि काही सुचेना म्हणून मधोमध एक प्रश्नचिन्ह काढलं. मग त्याकडे बघता बघता उत्तर तेच आहे हे त्याच्या ध्यानात आलं. अशा दंतकथा वास्तुविशारदांना फार आवडतात, म्हणून एरवी मी हिच्यावर विश्वास ठेवला नसता. पण ते पाकीट जपून ठेवलेलं आहे आणि बांधलेली इमारत वरून बघितली तर खरोखरच प्रश्नचिन्ह दिसते.

या आकाराने काम कसं सोपं केलं? प्रश्नचिन्हाचा गोल म्हणजे मुख्य इमारत. मधे मोकळं गोल अंगण, त्याभोवती ऑफिसांचं कडं, आणि कड्याच्या बाहेरच्या बाजूला चाकाच्या आऱ्यांसारखे मांडलेले स्टुडिओ. माणसं, म्हणजे नट, पाहुणे, दिग्दर्शक, कारकून, ही सगळी आतल्या गोलातून ये-जा करणार. सेट, फर्निचर आणि प्रॉपर्टी, म्हणजे सेटवरच्या लहानसहान वस्तू, बाहेरच्या गोलाकार वाटेवरून येणार. प्रत्येक स्टुडिओचं मोठं दार या बाहेरच्या वाटेवर उघडतं. झगझगीत झगा सावरत निघालेली नायिका आणि खांद्यावर फ्लॅट घेतलेला सेटिंगवाला यांची गाठ फक्त फ्लोअरवर पडणार, बोळात नाही. वाट गोल असल्यामुळे कुठली गाडी कुठे अडकली तर दुसऱ्या बाजूने फिरून येता येतं. प्रश्नचिन्हाची शेपटी राहिली ती पुढच्या वाढीसाठी. माझ्या मते या इमारतीतली सगळ्यात हुशार गोष्ट ही बाहेरची वाट आहे. बाकी सगळी तिच्या मागे आली.

बांधकामाचा क्रमही बघण्यासारखा आहे. युद्धानंतर ब्रिटनमध्ये पैसा, पोलाद, सगळ्याचीच चणचण होती आणि सरकारने मोठ्या बांधकामांवर हात आखडता घेतला होता. त्यामुळे सगळ्यात आधी, १९५१ मध्ये, काम सुरू झालं ते सेट तयार करायच्या इमारतीचं. स्टुडिओचा पत्ता नाही आणि सुतारशाळा तयार! वरकरणी हे उलटं वाटतं, पण तिथे बनवलेले सेट लाइम ग्रोव्हला नेता येत होते, त्यामुळे पहिल्या दिवसापासून तिचा उपयोग झाला. मग कँटीनची इमारत झाली. मुख्य गोल सावकाश वर आला आणि २९ जून १९६० ला तीन नंबरच्या स्टुडिओतून पहिला कार्यक्रम गेला. एक नंबरचा, सगळ्यात मोठा, सुमारे ९९५ चौरस मीटरचा स्टुडिओ १९६४ मध्ये सुरू झाला. तीन नंबरसारखे मधल्या आकाराचे स्टुडिओ साधारण ८,००० चौरस फुटांचे. पुढे मुख्य स्टुडिओंची संख्या आठ झाली.

आता अशा एका फ्लोअरवरची रात्र. रेकॉर्डिंग दहाच्या सुमाराला संपतं. प्रेक्षक उठायच्या आत प्रॉपर्टीवाले फुलदाण्या आणि टेलिफोन टोपल्यांत भरायला लागतात. फ्लॅट सुटतात, गाड्यांवर चढतात आणि मोठ्या दारातून बाहेरच्या वाटेला लागतात. फ्लोअर रिकामा झाला की तो धुवायचा. ही फरशी अगदी सपाट आणि गुळगुळीत ठेवावी लागते, कारण चाकांवरचा अवजड कॅमेरा सरकताना एवढासा उंचवटाही चित्रात हिसका देतो. तिच्यावर दर कार्यक्रमाला पाण्याने निघणारा रंग देतात: आज लाकडी पट्ट्या, उद्या संगमरवर, परवा नुसता करडा. जुना रंग खरवडून, धुऊन, नवा रंग पहाटेपर्यंत वाळलेला हवा. वरून दिव्यांचे बार यंत्राने खाली येतात, आणि दिवे आधीच जागोजागी टांगलेले असल्यामुळे शिडी घेऊन पळापळ करावी लागत नाही. सकाळी नवा सेट उभा, दिवे लागलेले, आणि शेजारच्या तीन खोल्यांत दिग्दर्शकाचं पॅनल, प्रकाशयोजना आणि आवाज अशी तीन वेगळी माणसं आपापल्या जागी. टीव्हीचा कारखाना हे नाव या इमारतीला चिकटलं ते या रात्रपाळीमुळे.

अंगणाच्या मधोमध उंच खांबावर हेलिऑस या ग्रीक सूर्यदेवाचा सोनेरी पुतळा आहे, टी. बी. हक्सली-जोन्स या शिल्पकाराचा. खाली कारंजं. चहूबाजूंनी गोल भिंती असल्यामुळे पाण्याचा आवाज इतका घुमायचा की ऑफिसातली माणसं वैतागली आणि कारंजं बंद ठेवावं लागलं. आठ स्टुडिओंत शांतता राखायची यंत्रणा उभारणाऱ्यांना अंगणातल्या पाण्याने चकवलं. गोल बोळांत पाहुणे हरवायचे हेही ठरलेलं. कोपराच नाही म्हटल्यावर कुठे वळलो हे लक्षात राहणार कसं?

१९६७ मध्ये बीबीसीचा रंगीत टीव्ही सुरू झाला तेव्हा नवे स्टुडिओ त्या हिशेबाने सज्ज होते. १९६९ मध्ये बातम्याही अलेक्झांड्रा पॅलेस सोडून इथे आल्या.

आपल्याकडे तोवर काय होतं? दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला प्रायोगिक टीव्ही सुरू झाला. मुंबई केंद्र आलं २ ऑक्टोबर १९७२ ला, वरळीत, आणि वर्षभराने सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे तेच कार्यक्रम पुण्याला दिसू लागले. दूरदर्शनची कामाची पद्धत बीबीसीच्याच घराण्यातली: ठरावीक फ्लोअर, पगारी माणसं, सकाळी शेतकऱ्यांसाठीचा सेट तर संध्याकाळी त्याच जागी नाटकाचा. ठाण्याची नट मंडळी तेव्हा ट्रेनने दादर गाठायची आणि पुढे बसने वरळी. १९९९ मध्ये अल्फा मराठी आलं, २००० मध्ये ई टीव्ही मराठी. ई टीव्हीचं काम हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीतून चालायचं, म्हणजे मराठी बातम्या वाचणारी मंडळी मुक्कामाला तेलंगी मुलखात! एका छताखाली सगळं, या जुन्या कल्पनेचा तो आपल्या बाजूचा मोठा प्रयोग. बाकीच्या वाहिन्यांनी मात्र स्वतःचे स्टुडिओ बांधायच्या फंदात न पडता निर्मात्यांना काम दिलं आणि निर्मात्यांनी जागा शोधल्या. गोरेगावची चित्रनगरी १९७७ पासून होतीच, पण रोजच्या मालिका इतक्या वाढल्या की ती पुरेना. मग मढ, मीरा रोड आणि ठाणे.

लंडनमध्येही वारं तिकडेच वाहत होतं. १९९० च्या प्रसारण कायद्याने बीबीसीला ठरावीक वाटा बाहेरच्या निर्मात्यांना देणं भाग पाडलं. १९९३ पासून बीबीसीच्या आतल्या निर्मात्यांनाही बाहेरचा स्वस्त स्टुडिओ भाड्याने घ्यायची मुभा मिळाली. नाटकं मल्टिकॅमेरा फ्लोअर सोडून एका कॅमेऱ्याने खऱ्या लोकेशनवर चित्रित व्हायला लागली. रोज रात्री सेट बदलण्यासाठी जन्मलेल्या इमारतीत रोज रात्री बदलावे एवढे सेटच उरले नाहीत. शिवाय जमीन पश्चिम लंडनची. २००९ मध्ये मधलं कडं आणि एक नंबरचा स्टुडिओ वारसा यादीत गेला, २०१२ मध्ये सगळं आवार २० कोटी पौंडांना विकलं गेलं आणि ३१ मार्च २०१३ ला टेलिव्हिजन सेंटर बंद झालं. पुन्हा उघडलं ते २०१७ मध्ये, आठांपैकी तीन स्टुडिओ राखून. ऑफिसांच्या गोलात आता राहायचे फ्लॅट आणि हॉटेल आहे. हेलिऑस जागेवर आहे.

ठाण्याच्या शेडचा हिशोब अगदी वेगळा आहे. रोजच्या मालिकेचा सेट एकदा लागला की दोन-तीन वर्षं हलत नाही. दिवाणखाना, स्वयंपाकघर, देवघर, दोन बेडरूम, आणि वर जाऊन प्लायच्या भिंतीपाशी संपणारा जिना. बदलतात ते पडदे, गणपतीची सजावट आणि सुनेची खोली. म्हणून इथे बाहेरच्या गोल वाटेची गरज नाही, आणि तयार दिव्यांच्या महागड्या यंत्रणेचीही नाही. तराफे, म्हणजे दिवे लावायचे माच, टांगले, त्यावर दिवे चढवले, झालं. खांब नसलेली उंच शेड, वीज आणि ट्रक वळेल एवढं आवार पुरतं, आणि ठाण्याच्या औद्योगिक पट्ट्यात कारखाने बंद पडत गेले तशा अशा जागा मिळत गेल्या.

अडतं ते आवाजापाशी. टेलिव्हिजन सेंटरच्या जाड भिंतींना जे सहज जमायचं ते पत्र्याला जमत नाही. जुलैत सर कोसळली की आत आई-मुलाचा हळवा सीन अर्ध्यावर थांबतो आणि सगळं युनिट छताकडे बघत बसतं. छताला आतून अस्तर लावतात, ग्लासवूल भरतात, तरी मोठ्या पावसापुढे ते टिकत नाही. शेवटी न बोलायचे शॉट आधी उरकून घेणं किंवा नंतर डबिंग. पाऊस नसला तर रिव्हर्स घेणारा कंटेनर आहेच. उन्हाळ्यात एसीचा आवाज नको म्हणून टेकपुरता तो बंद करतात. भरजरी शालू नेसलेल्या सासूबाईंना मग दर शॉटला टचअप.

आणि जमीन इथेही महागच आहे. मालकाने बिल्डरशी बोलणी केली की शेडचे दिवस भरतात. पण बीबीसीला आपलं आवार रिकामं करायला वर्षं लागली, इथे चित्र वेगळं असतं. दोन शिफ्टमध्ये सेट सुटतो, दरवाजे, चौकटी आणि मोल्डिंग भिवंडीच्या गोडाउनला जातं, कथेत कुटुंब 'नव्या घरी राहायला' जातं, आणि पुढच्या सोमवारचा एपिसोड दुसऱ्या शेडमधून वेळेवर निघतो.