पोटॅशियम दिलं, पण ते राहत का नाही?

"एखादं सलाईन लावा, म्हणजे ताकद येईल," असं पेशंटचे नातेवाईक हमखास म्हणतात. त्या बाटलीत ताकदीचं काहीही नसतं. नॉर्मल सलाईन म्हणजे लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ. रिंगर लॅक्टेट या दुसऱ्या नेहमीच्या सलाईनमध्ये थोडं पोटॅशियम आणि कॅल्शियम असतं. मॅग्नेशियम मात्र दोन्हींत नाही. पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर तोंडाने काही न देता काही दिवस नुसत्या याच बाटल्या चालू राहिल्या, तर मॅग्नेशियमची आवक बंद होते.

जावक मात्र चालूच असते. नाकातून जठरात घातलेल्या नळीवाटे जो रस बाहेर येतो, त्यात लिटरमागे साधारण १ मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) मॅग्नेशियम असतं. जुलाबाच्या पाण्यात हेच प्रमाण लिटरमागे १५ पर्यंत जातं. लहान आतड्याचा बराचसा भाग कापून काढला असेल, तर शोषणाची जागाच गेली. वर न पचलेली चरबी उरलंसुरलं मॅग्नेशियम धरून ठेवते आणि त्याचा चक्क साबण होऊन बाहेर पडतो. लघवी वाढवणारी फ्युरोसेमाइडसारखी औषधं यात भरच घालतात.

आता खरी गंमत. रिपोर्टमध्ये पोटॅशियम २.९, म्हणजे कमी, येतं. डॉक्टर शिरेतून पोटॅशियम देतात. दुसऱ्या दिवशी ३.०. पुन्हा देतात, आकडा जेमतेम हलतो. दिलेलं पोटॅशियम जातं कुठे? बरंचसं लघवीत.

मूत्रपिंडात गाळलं गेलेलं पोटॅशियम नलिकांच्या सुरुवातीच्या भागातच बहुतेक सगळं परत घेतलं जातं. लघवीत किती जायचं, हे नलिकेच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशी ठरवतात. त्यांच्या पटलात 'रॉमके' नावाच्या प्रथिनाच्या वाहिन्या असतात. पेशीतलं पोटॅशियम या वाटेने नलिकेत उतरतं. पेशीच्या आतलं मॅग्नेशियमही याच वाटेने बाहेर पडू पाहतं, पण त्याला पलीकडे जाता येत नाही. ते वाहिनीत आतल्या बाजूने बुचासारखं अडकतं आणि पोटॅशियमची वाट अडवतं. उलट दिशेने पोटॅशियम आत येऊ लागलं, तर त्याच्या रेट्याने हे बूच मागे ढकललं जातं. म्हणून ही वाहिनी आत येणाऱ्याला सोपी आणि बाहेर जाणाऱ्याला अवघड. पेशीतलं मॅग्नेशियम घटलं की बुचं निघतात आणि पोटॅशियम वाहून जातं.

हुआंग आणि कुओ या संशोधकांनी २००७ साली ही मांडणी केली, तेव्हा एक अट नीट नोंदवली: नुसतं बूच निघून भागत नाही, पोटॅशियमला बाहेर ओढणारं विद्युत बलही लागतं. ते सोडियममुळे मिळतं. नलिकेतलं धनभारित सोडियम पेशीत शिरलं की नलिकेची पोकळी ऋणभारित होते आणि पोटॅशियमला खेचते. अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक सोडियमची ही आत जाण्याची वाट रुंदावतं, आणि मोठ्या ऑपरेशनच्या ताणात, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना, नेमकं तेच वाढलेलं असतं. म्हणजे बूचही निघालेलं आणि ओढही वाढलेली. अशा वेळी आधी मॅग्नेशियम भरल्याशिवाय पोटॅशियम टिकत नाही. कॅल्शियमचीही अशीच गत होते, कारण रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी मंदावतात. हृदयाचे ठोके बिघडतात ते या सगळ्यांच्या संगनमताने.

रक्ताच्या रिपोर्टवरही डोळे झाकून विसंबू नये. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असतं. त्यातलं निम्म्याहून अधिक हाडांत, बाकी बहुतेक पेशींत. रक्तद्रवात टक्काभरही नाही. त्यातलाही काही भाग अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटलेला. ऑपरेशननंतर अल्ब्युमिन उतरतं, तसा मॅग्नेशियमचा आकडाही थोडा खोटाच खाली दिसतो. उलट, आकडा नॉर्मल असूनही पेशी रिकाम्या असू शकतात.

हे वाचून कुणी मॅग्नेशियमची पावडर किंवा तळपायाला चोळायचं 'मॅग्नेशियम तेल' मागवायला धावू नये. तेलातून कातडीवाटे कमतरता भरून निघते याला भक्कम पुरावा नाही, आणि तोंडाने जास्त मॅग्नेशियम घेतलं तर हमखास जुलाब होतात. म्हणजे नुकत्याच शिवलेल्या आतड्यावर आणखी एक संकट.

कमतरता जास्त असेल तर मॅग्नेशियम सल्फेट शिरेतून देतात, आणि जिवावरचा प्रसंग नसेल तर सावकाश देतात. रक्तातली पातळी एकदम उंचावली की मूत्रपिंड ते जादा समजून निम्म्यापर्यंत बाहेर टाकतं. मूत्रपिंडच अधू असेल तर उलटा धोका: मॅग्नेशियम साचतं. म्हणून अशा पेशंटला डोस कमी करतात आणि गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का ते अधूनमधून बघतात. तो उडेनासा झाला की मॅग्नेशियम लगेच थांबवतात, कारण त्यापुढे श्वास मंदावण्याची भीती असते.