हिरड्यांचे रोग आणि हृदयविकार

दात जबड्यात धरून ठेवणारी हिरडी, मुळाला हाडाशी बांधणारे तंतू, मुळावरचे पातळ कठीण आवरण आणि हाडाची खोबण यांच्या जंतुजन्य दाहाला परिदंत रोग म्हणतात. बोलीभाषेत याला सरसकट ‘पायोरिया’ म्हटले जाते. हृदयाशी त्याचे दोन निरनिराळे संबंध सांगितले जातात आणि लोकप्रिय लेखनात त्यांची हमखास गल्लत होते. पहिला संबंध एंडोकार्डायटिसचा, म्हणजे तोंडातले जंतू रक्तातून जाऊन हृदयाच्या झडपांवर व आतल्या अस्तरावर बसण्याचा. तो निर्विवाद आहे. दुसरा रोहिणीकाठिण्याचा, म्हणजे हृदयधमन्या चोंदून येणाऱ्या झटक्याचा. येथे दोन्ही रोग एकत्र आढळतात हे मान्य आहे, पण एकामुळे दुसरा होतो हे सिद्ध झालेले नाही.

रोगाचे स्वरूप व मोजमाप : निरोगी हिरडी व दात यांमधली फट १ ते ३ मिमी. खोल असते. घासण्यात हयगय झाली की दाताच्या कडेला जंतूंचा चिकट थर साचतो. डेन्मार्कमधील ऑर्‌हूस येथे १९६५ साली हॅराल्ड लो व सहकाऱ्यांनी १२ निरोगी व्यक्तींना दात घासणे थांबवायला लावले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि घासणे पुन्हा सुरू होताच पूर्ववत झाल्या. दाह या टप्प्यावर परतवता येतो. थरात लाळेतील क्षार बसून किटण झाले आणि दाह खाली हाडापर्यंत उतरला, की गेलेले हाड सहसा आपोआप भरून येत नाही. फट ४ मिमी. किंवा अधिक झाली की तिला ‘पॉकेट’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापन-सळईच्या टोकाला ०·५ मिमी. व्यासाचा गोळा असतो व ३·५ ते ५·५ मिमी. दरम्यान काळा पट्टा. सविस्तर तपासणीत प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली पाहतात. सळई दाबून घातली तर सुजलेल्या ऊतकात शिरून खोली उगाच जास्त भरते, म्हणून सुमारे २०–२५ ग्रॅम एवढाच दाब द्यावा असा संकेत आहे. दोन पाहण्यांचे आकडे जुळत नाहीत त्याचे हे एक साधे कारण.

तीव्र रोगात सर्व पॉकेटांचे मिळून तळहाताएवढे व्रण होतात, असे विधान वारंवार आढळते. ते अतिशयोक्त दिसते. मापनावर आधारलेला अंदाज ८ ते २० चौ. सेंमी. आहे. हिरडी रंगाने बरी दिसत असताना आत एवढा पृष्ठभाग उघडा असणे हेही कमी नव्हे.

कल्पनेचा उगम : सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात (अध्याय १६) मुखाचे ६५ रोग सांगितले असून त्यांपैकी १५ दंतमूलगत, म्हणजे हिरडीचे, आहेत. त्यांतील ‘शीताद’ (हिरडीतून अकस्मात रक्त येणे) व ‘दंतवेष्ट’ (पू-रक्त व दात हलणे) यांचे वर्णन आजच्या रोगाशी बरेच जुळते. हृदयसंबंधाचे बीजही तेथेच आहे, असे काही जण म्हणतात; त्या अध्यायाचा तसा अर्थ लावणे ओढाताणीचे वाटते.

आधुनिक काळात अमेरिकेत हा रोग प्रथम ‘रिग्जचा रोग’ म्हणून ओळखला गेला. जॉन रिग्ज हे हार्टफर्डचे दंतवैद्य. १८४४ मध्ये हसवणारा वायू हुंगलेल्या होरेस वेल्स या दंतवैद्याचा दात काढणारेही तेच. मुळे खरवडून साफ करण्याची त्यांची पद्धत १८७६ मध्ये प्रसिद्ध झाली. तोंड हे शरीरभर पसरणाऱ्या संसर्गाचे केंद्र असू शकते, हा विचार मात्र साधारणतः दंतवैद्य विलोबी मिलर यांच्या १८९१ च्या लेखापासून धरतात. हे श्रेय काही जण इंग्लंडचे वैद्य विल्यम हंटर यांना देतात. हंटर यांचा लेख १९०० चा आणि माँट्रिअल येथील गाजलेले व्याख्यान १९१० चे, त्यामुळे अग्रक्रम मिलर यांचाच ठरतो. हंटर यांनी त्याला धार दिली. किडक्या मुळांवर बसवलेल्या सोन्याच्या टोप्या व पूल म्हणजे संसर्गाच्या राशीवर बांधलेली सोन्याची समाधी, असे ते म्हणाले. शिकागोचे फ्रँक बिलिंग्ज यांनी याच सुमारास ‘केंद्र-संसर्ग’ सिद्धांत मांडला आणि संधिवातापासून हृदयविकारापर्यंत अनेक रोगांवर उपाय म्हणून सर्रास दात उपटले जाऊ लागले. १९३८ मध्ये सेसिल व अँजेव्हाइन यांनी संधिवाताच्या २०० रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दात किंवा टॉन्सिल काढून फायदा झाल्याचे दिसले नाही. सिद्धांत मागे पडला. त्यातला एक धागा टिकला : दात काढल्यावर रक्तात स्ट्रेप्टोकोकस जंतू सापडतात, हे ओकेल व इलियट यांनी १९३५ मध्ये दाखवले होते.

फिनलंडमधील किमो मात्तिला व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या १०० रुग्णांची तुलना १०२ इतरांशी केली. रुग्णांची तोंडे अधिक खराब निघाली आणि विषय पुन्हा वर आला.

पुराव्याचे वजन : अमेरिकेतील एकाच राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणाच्या माहितीवरून दोन गट उलट निष्कर्षांवर आले. डीस्टेफानो (१९९३) यांना परिदंत रोग्यांत हृदयधमनीविकाराचा धोका २५ टक्क्यांनी जास्त आढळला. हुयोएल (२०००) यांनी इतर घटक अधिक काटेकोरपणे वजा केले तेव्हा तो १४ टक्क्यांवर आला व संख्याशास्त्रीय दृष्ट्या निश्चित राहिला नाही. स्वीडनमधील २०१६ च्या अभ्यासात पहिला झटका आलेले ८०५ रुग्ण व तितकेच इतर यांची तुलना झाली. इतर घटक वजा केल्यावर परिदंत रोग्यांत झटक्याची शक्यता १·२८ पट राहिली. संबंध आहे, पण क्षीण आहे, असे म्हणणे त्यातल्या त्यात सुरक्षित. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये हेच म्हटले : संबंध स्वतंत्र दिसतो, कार्यकारणभाव सिद्ध नाही.

गोंधळ घालणाऱ्या घटकांत तंबाखू व मधुमेह प्रमुख, कारण दोन्ही हिरडी व धमनी यांना एकाच वेळी पोखरतात. महाराष्ट्रात मिशरीचा विचार वेगळा करावा लागतो. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून, कुटून ती बोटाने हिरडीवर चोळतात. घासण्याचे निमित्त असले तरी हे तंबाखूचे व्यसनच, आणि पाहणीत ‘धूम्रपान करता का’ एवढेच विचारले तर ते निसटते. धूम्रपान करणाऱ्यांत हिरडीतून रक्त कमी येते, त्यामुळे रोग झाकला जातो, हेही लक्षात ठेवावे.

संभाव्य यंत्रणा : एक, जंतूंचा रक्तप्रवेश. लॉकहार्ट यांच्या २००८ च्या चाचणीत (२९० व्यक्ती) नुसत्या दात घासण्याने २३ टक्के व्यक्तींच्या रक्तात जंतू आढळले, प्रतिजैविक न देता दात काढल्यावर ६० टक्क्यांत, देऊन काढल्यावर ३३ टक्क्यांत. दात एखाद्या वेळी काढतात, घासतात रोज. म्हणून सुजलेल्या हिरडीवरचे रोजचे घासणे बेरजेत जड पडते. त्यावर उपाय घासणे सोडणे हा नव्हे, सूज घालवणे हा आहे. दोन, हिरडीतील दाहामुळे यकृतातून सी-रिॲक्टिव्ह प्रथिन (दाहाची रक्तातील खूण) वाढणे. तीन, धमनी चोंदवणाऱ्या थरात परिदंत जंतूंचे डीएनए सापडणे. मात्र पांढऱ्या पेशी ते वाहून नेत असतील, तेव्हा सापडणे म्हणजे कारण असणे नव्हे. २००७ च्या टोनेटी यांच्या चाचणीत (१२० रुग्ण) सखोल उपचारानंतर २४ तासांनी धमनीची प्रसरणक्षमता उलट घटली, ६० व १८० दिवसांनी सुधारली. झटके कमी होतात का, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

व्यवहार : एंडोकार्डायटिस टाळण्यासाठी दंतोपचाराआधी प्रतिजैविक देण्याची शिफारस अमेरिकेत २००७ पासून मोजक्या रुग्णांपुरती आहे : कृत्रिम झडप, पूर्वी झालेला एंडोकार्डायटिस, काही जन्मजात दोष, आणि हृदयरोपणानंतर झडप बिघडलेली असल्यास. मोठ्यांना ॲमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, मुलांना किलोमागे ५० मिग्रॅ., उपचाराआधी ३० ते ६० मिनिटे, एकदाच. २०२१ पासून क्लिंडामायसिन हे पर्यायी प्रतिजैविक सुचवले जात नाही. भारतात संधिज्वराने बिघडलेल्या झडपांचे रुग्ण पुष्कळ आहेत; ते या यादीत बसत नाहीत, म्हणून त्यांच्याबाबत हृदयरोगतज्ञाचे मत घेतले जाते.

किटण काढण्यासाठी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल ही गुठळी रोखणारी औषधे परस्पर बंद करू नयेत. हिरडीचा रक्तस्राव दाबून थांबवता येतो, धमनीतल्या स्टेंटमधली गुठळी नाही. बधिरतेच्या इंजेक्शनातील ॲड्रेनलिन हृदयरुग्णात ०·०४ मिग्रॅ. पर्यंत ठेवण्याचा प्रघात आहे, म्हणजे १:८०,००० तीव्रतेचे सुमारे ३ मिलि.; सुई रक्तवाहिनीत नाही हे पिचकारीचा दट्ट्या मागे ओढून पाहावे. मुळे साफ केल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी पॉकेट पुन्हा मोजतात. ०·२ टक्के क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या १० मिलि. गुळण्या दिवसातून दोनदा, साधारण दोन आठवडेच. पेस्टनंतर लगेच केल्यास परिणाम घटतो व जास्त दिवस वापरल्यास दात तपकिरी पडतात.

उलट दिशेचा संबंध दुर्लक्षित राहतो. रक्तदाबावरील ॲम्लोडिपिन व निफेडिपिन यांनी काही रुग्णांत हिरडी वाढते. प्रथम दोन दातांमधला टोकदार भाग मण्यासारखा फुगतो, मग दाताचा दर्शनी भाग झाकत जातो आणि त्याखाली ब्रश पोचत नाही. स्वच्छता कडक ठेवली तर वाढ आटोक्यात राहते. औषध बदलायचे असल्यास ते लिहून देणाऱ्या डॉक्टरनेच बदलावे.